सायलीच्या गाण्याखालचा बेस

सोम. २ फेब्रु.
काल पोलादपूरच्या हळदीत सगळं फिरलं. आमची बेंजो पार्टी टेम्पोत सामान भरत होती. नवरीची मैत्रीण सायली पुढे आली आणि माझ्या बेस गिटारच्या जाड तारेवर बोट ठेवलं. "हा एकटा वाजला तर ऐकायला येतो काय रे?" कॉलेज सोडल्यापासून लोक मला एकच विचारतात, पुढे काय. हिने दुसरं काहीतरी विचारलं.

मंगळ. ३
सायली महाडला बाजाराला आली, तिच्या दादाचा डिजिटल रेकॉर्डर देऊन गेली. त्यात तिचं हळदीचं गाणं, नुसता गळा. दादा रविवारी ते मुंबईला नेणार, तिकडे एका ग्रुपला गाणारी हवीय. त्याआधी मी खाली बेस भरायचा. नाय जमलं तर पार्टीतला नित्या कीबोर्डमधला तयार बेस लावणार. नित्या तिच्याशी फार हसून बोलतो.

बुध. ४
वाट लावली. अँपच्या मागे दोन भोकं. आमच्या पार्टीत अँपच्या मागून निघालेली वायर भोंग्यात जाते, दुसरीकडे कुठे नाय. सवयीने पिन 'स्पीकर'वाल्या भोकात घातली, दुसरं टोक रेकॉर्डरच्या पहिल्या इनपुटला. जोरात तार ओढली. लाल दिवा, चर्र, मग कायच नाय. 'लाइन आउट' शेजारीच होतं. वायर भिंतीवर फेकली.
नित्याला फोन केला, तेही चुकलंच. "भोंग्याचा करंट त्या डबीला पाजलास? मग ती मरंल नाय तर काय नाचंल?"

गुरु. ५
दुसरं इनपुट जिवंत आहे. लाइन आउटमधून त्यात. आला आवाज. चार्जर लावला की घूंऽऽ. सेल घातले, घूं गेली.
बाबा कंपनीतून पाळी करून आले. दारातूनच, "सकाळधरनं धुम धुम चाललाय. गाणं कवा सुरू व्हायचं?" मी खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्र. ६
सा.ला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "तू थांबतच नाहीस रे. मी श्वास घेते, तोवर तू पुढच्या ओळीत."
म्हटलं, तुझी लय सरकते, पाठीशी ढोल नाय.
"ढोल कशाला? मी ओळ टाकते, बाया ती मागून म्हणत झेलतात. तेवढ्यात मला दम मिळतो. तुला घाई कसली हाय?"
फोन कापला. मीच. जळक्या इनपुटचं सांगितलंच नाय.

शनि. ७
बेसला हात न लावता तिचा गळा ऐकत बसलो. ती ओळ सोडते तिथे झेलायला बाया नाहीत, रिकामं आहे. मी आजवर त्या रिकाम्यात धावत सुटायचो. तिने टाकावी, मी झेलावी, एवढंच.
आई म्हणाली, "आज कोनाशी भांडला नायस? बरं वाटत नाय काय?"
संध्याकाळी एकदा सलग वाजलं, रेकॉर्ड झालं. परत वाजवलं नाही.

रवि. ८
दादा दुपारी निघणार. नित्याचा मेसेज: माझा बेस रेडी हाय, टेन्शन नको घेऊ. उत्तर लिहिलं, खोडलं.
रेकॉर्डर फडक्याने पुसून पिशवीत घातला. आधी जळक्या इनपुटचं सांगणार, दादाच्या तोंडावर. गाणं मग. गाणं आधी ऐकवलं आणि सा. हसली, तर माझ्याने सांगवायचं नाय. दादाने हात उगारला तरी उलट बोलणार नाय. बहुतेक.
आणि सांगितल्यावर ते ऐकतीलच असं कुठाय.
आई, "न्याहारी करून जा रे." म्हटलं, आल्यावर.
बाईक बाहेर काढलीय. दार ओढून घेतो, निघतो.