अर्जात राहून गेलेली आई

माझ्या मानी आईस,

हौसाचा नमस्कार. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, मग पत्र कशाला, असं तू म्हणशीलच! पण आज आमच्या दवाखान्यात मोठ्या नर्सच्या जागेसाठी अर्ज मागवलेत. छापील कागद पुढ्यात आहे आणि ‘अर्जदारास काय काय येते’ या रकान्यापाशी मी दुपारपासून अडले आहे. तुला जाऊन वर्ष झालं. तुझ्याशी एक खोटं बोलले होते, ते कबूल केल्याशिवाय हात पुढे सरकेना.

माझा इथल्या नोकरीचा पहिला अर्ज आठवतो? परंदवडीला आपल्या ओट्यावर बसून लिहीत होते. वरच्या आळीत कुणाला तरी कळा सुरू झाल्या होत्या, म्हणून बाळंतपणाला निघण्याआधी तू दगडावर नखं घासत होतीस. मी ऐटीत वाचून दाखवलं, ‘मराठी सातवी पास. शिवण येतं. इंग्रजी येतं.’

“इंग्रजी येतं का जमतं?” तू विचारलंस.

“एकच की गं!”

“न्हाई बाये. येतं त्ये झोपंतनं उटवलं तरी येतं. जमतं त्येचा काय भरवसा? आन् माज्यासंगं पाच वरसं बाळातपनं केलीस, त्ये कुटं लिवलंस?”

“आई, सुईणपण कुणी अर्जात लिहितं का?”

तू गाठोडं उचलून चालू लागलीस. थांबून दोन शिव्या का नाही घातल्यास गं? मला बऱ्या वाटल्या असत्या. लाज वाटत होती मला तुझ्या कामाची. हो, लाजच!

लोणावळ्याला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलाखतीत औषधाची बाटली पुढे केली. “इंग्रजी येतं ना? वाचा.” अक्षरं लागली, अर्थ एकाही शब्दाचा लागेना. शेवटी तोंडातून तुझाच शब्द निघाला. “बाई, जमतं. येत नाही.”

त्या हसल्या. “मग येतं काय?”

“पोटावर हात ठेवून मूल कसं आहे ते सांगता येतं.”

त्या मला सरळ आत घेऊन गेल्या. खाटेवर कामशेतची एक बाई होती, भेदरलेली. तू करायचीस तसे आधी हात धुऊन ऊन केले, तिला माहेरचं विचारत बोलतं ठेवलं, मग चाचपलं. “डोकं उजव्या कुशीला आहे. मूल आडवं आहे,” मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी सकाळी तेच लिहून ठेवलं होतं. “उद्यापासून या,” म्हणाल्या.

आणि घरी येऊन मी तुला काय सांगितलं? “इंग्रजीवर मिळाली नोकरी!”

तू गावभर गूळ वाटलास. “माजी हौसा सायबावानी बोल्ली, म्हनून घेतली तिला!” सोमाटण्याच्या बाजारात अनोळखी बायांनाही सांगत सुटलीस. मी दर वेळी मान खाली घालून ऐकलं. आज सांगते, उद्या सांगते, करत राहिले आणि तू निघून गेलीस.

आई, ती नोकरी तुझी होती! इंग्रजी त्या दिवशी पार तोंडघशी पडलं. तरले ते तू शिकवलेल्या दोन हातांवर. नर्सिंग शिकून इथे आलेल्या मुली आता मला बोलवायला येतात, “ताई, जरा हात लावून बघता?” तेव्हा ऊर असा भरून येतो म्हणून सांगू! तुझी लेक आहे मी.

मघाशी कारकून डोकावून गेले. म्हणाले, “या रकान्यात गावठी काही लिहू नका, कमिटी हसेल.” हसू दे. जागा गेली तर जाऊ दे. मी तुला शब्द देते, त्या रकान्यात पहिली ओळ तुझीच असेल, आणि कुणी कितीही सांगितलं तरी मी ती खोडणार नाही: ‘बाळंतपणाचे शिक्षण परंदवडी येथे, सुईण चंद्राबाई यांच्या हाताखाली. अर्जदार त्यांची मुलगी.’

तुझीच,
हौसा