भट्टीच्या एकशे बारा फेऱ्या

३ एप्रिल, दुपार
आज आलेलं: धाकटी (कॉलेजच्या गावाहून, आधी न कळवता). ट्रंक १. पुस्तकं ११, त्यांत गोष्टीचं एकही नाही. कोऱ्या कागदांची रिमं २. हातगाडीवाला अठरा रुपये. मी बारावर आणला असता, पण धाकटीने परस्पर देऊन टाकले.
प्रबंध तीस तारखेपर्यंत द्यायचाय. विषय: भट्टीच्या आत उष्णता किरणांनी कुठून कुठे जाते, ते आकडेमोडीने काढणं. वेळेत दिला तर नोकरी नक्की, दोन दिवसांच्या प्रवासावर. नाही दिला तर ती नोकरी दुसऱ्याला आणि धाकटी इथेच. देवाला म्हटलं, तुझ्या मनात असेल ते कर. माझं काही म्हणणं नाही.
संकल्प: मागची खोली तिची. आपण पाऊल ठेवायचं नाही.

४ एप्रिल
मागच्या खोलीत नऊ वेळा गेले. त्रास द्यायला एकदाही नाही. चहा द्यायला दोनदा, कप आणायला दोनदा, चादर बदलायला, पंखा नीट फिरतोय का बघायला, पंखा उगीच फिरत नाही ना ते बघायला. उरलेल्या दोन वेळा खिडकीपायी. रस्त्याची धूळ येते म्हणून लावली, तिने उघडली, मी परत लावली.
धाकटी म्हणाली, आई, आत भट्टी झालीय. म्हटलं, बरंच की, अभ्यास हाताशी! हसली नाही. जास्त शिकलं की माणूस हसत नाही.

६ एप्रिल
मोठी गोष्ट. धाकटीने मला प्रबंधाच्या कामाला घेतलं. स्वतःहून म्हणाली, आई, तुझं गणित चांगलं आहे, एवढं करून देशील? मॅट्रिकला एकाहत्तर होते, हे तिच्या लक्षात आहे. हे वर्तमानपत्राआड हसले. हसू देत.
काम असं. भट्टी म्हणजे चौरस खोका. खाली जाळ, तीन भिंती, वर छत आणि समोर उघडं दार. प्रत्येक बाजूने बाकीच्या पाचांकडून पाचवा पाचवा हिस्सा घ्यायचा. भिंती आणि छत मिळेल तेवढं सगळं परत करतात. जाळ दर फेरीला आपले शंभर वर घालतो. दारातून गेलं ते गेलं, तिथे कायम शून्य मांडायचं. मागच्या फेरीचे आकडे घेऊन पुढची फेरी करायची. आकडे हलायचे थांबले की ते उत्तर.
विचारलं, आणि थांबेपर्यंत? म्हणाली, थांबेपर्यंत बाहेरच्या टेबलावर बस.
जमाखर्चाच्या वहीतच मागून सुरुवात केली. नवी वही कशाला?

८ एप्रिल
दाराचा रकाना बघवत नाही. दर फेरीला प्रत्येकाने दाराला पाचवा हिस्सा द्यायचा आणि दाराने कुणाला दमडी परत द्यायची नाही. एवढा संसार केला, अशी गळती ठेवली नाही. जळण काय फुकट येतं?
दार लावून टाकलं. आता तीही एक भिंत. धाकटीला सांगितलं नाही, तिच्या डोक्याला आधीच ताप कमी आहे का? उत्तर आल्यावर सांगू. खूश होईल.
चौथी फेरी: तळ १३६, बाकी प्रत्येकी ५२.८. एकूण ४००.

९ एप्रिल
ताळा बघून घ्यावा असा! पाचव्या फेरीची बेरीज ५००, सहाव्याची ६००, सातव्याची ७००. एक पैसा इकडचा तिकडे नाही. ह्यांना दाखवलं. म्हणाले, पण ते थांबायला हवेत ना? म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

१२ एप्रिल
एकतिसावी फेरी. थांबत नाहीत. विचारायला गेले तर खोलीला आतून कडी. माझ्याच घरात! बाहेरून विचारलं, झोपलीस का गं? आतून उत्तर, आई, आकडे थांबले का? नाही म्हटलं. म्हणाली, मग अजून कर.
बोलण्यात जिव्हाळा होता.

१३ एप्रिल
सुतार आला होता, मोरीच्या दारासाठी. मागच्या खोलीची कडी सैल वाटली म्हणून काढून घेतली. दुसरी बसवायची आहे. घाई नाही.

१५ एप्रिल, सकाळ
धाकटीच्या गाईडसरांचा फोन. कॉलेजचा मोठा कॉम्प्युटर सतरा आणि अठरा असे दोन दिवस फक्त धाकटीसाठी मोकळा ठेवलाय, तिला लगेच पाठवा, नंतर महिनाभर मिळणार नाही. म्हटलं, सांगते.
सांगणारच होते. पण ती नुकती लिहायला बसली होती. लिहिणाऱ्याला उठवू नये. जेवताना सांगीन.

१६ एप्रिल
काल जेवताना ती चिडलेली होती. जेवल्यावर आडवी झाली. आज सकाळपासून मी फेऱ्यांत, आणि फेरी अर्धी टाकून उठता येत नाही. बहात्तर झाल्या.

१७ एप्रिल
आता सांगून उपयोग नाही. गाडी गेली. उगाच तिच्या जिवाला चुटपुट. आईने असं काही स्वतःच्या पोटात ठेवावं लागतं.
देवापुढे बसले, पण नामाच्या जागी पाचवा हिस्सा, पाचवा हिस्सा असं तोंडात येतं. आठ दिवसांत घराचा उंबरा ओलांडला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायचा राहिला. ह्यांना पाठवलं तर महागाचा आणतात.

२० एप्रिल
गाईडसरांचा परत फोन. नेमका तिनेच उचलला.
 रिसीव्हर ठेवला आणि विचारलं, आई, पंधराला फोन आला होता? म्हटलं, आला असेल, किती येतात! म्हणाली, किती येतात गं आपल्याला? हे पेपर घेऊन बाल्कनीत गेले.
म्हटलं, तुझं लक्ष उडू नये म्हणून. म्हणाली, आई, सगळा हिशेब त्या दोन दिवसांत व्हायचा होता. हाताने करायला मला जन्म पुरणार नाही.
म्हटलं, पुरेल, मी आहे ना. माझ्या एकशे बारा फेऱ्या झाल्यात. आणि वही पुढे केली.
वही चाळली. मग म्हणाली, दाराचं शून्य कुठाय? सांगितलं, दार लावलं, सगळं वाया जात होतं. खुर्चीत बसली. म्हणाली, आई, दार लावल्यावर उष्णता जाईल कुठे? खाली जाळ चालूच आहे. हा खोका नुसता तापतच जाणार. हजार फेऱ्या केल्यास तरी थांबायचा नाही.
म्हटलं, पण ताळा जुळतो. म्हणाली, जुळणारच, तू काही बाहेरच सोडत नाहीस.
पेन्सिल घेतली आणि उभ्या उभ्या दोन ओळींत मांडलं: तळ १६६.६७, भिंती आणि छत ८३.३३. फेरी एकही नाही. असं पटकन येणारं उत्तर मला पटत नाही.
तासाभरात ट्रंक भरली. म्हटलं, कुठे राहशील? म्हणाली, मैत्रिणीच्या खोलीवर, जमिनीवर. ह्यांनी ट्रंक खाली नेली. एरवी दळणाची पिशवी उचलत नाहीत.

२१ एप्रिल
माझ्या मनात काही नाही. चार दिवसांत येईल. कॉम्प्युटर मिळणार नाही, असं सर स्वतःच म्हणाले होते. मी आपलं फक्त लक्षात ठेवलंय.

३० एप्रिल, संध्याकाळ
फोन. ह्यांच्याशी बोलली. सरांनी कुणाकुणाचे हातपाय धरून रात्रीचे तास मिळवून दिले. प्रबंध आज दुपारी दिला. हे रिसीव्हर धरून भले, भले म्हणत होते. मी हात पुढे केला तोवर तिचे सुटे पैसे संपले होते. असं ह्यांनी सांगितलं.
देवाला नारळ फोडावा इतका आनंद झाला असं लिहिणार होते. आनंदच झाला.

९ मे
धाकटी नोकरीवर रुजू होऊन पाच दिवस झाले. कार्डावर पत्ता आहे. पत्र ह्यांच्या नावाने, आशीर्वाद दोघांचे मागितलेत.
मागची खोली झाडली. पलंगाखाली तिचं एक पुस्तक राहिलेलं. इंग्रजी फारसं लागत नाही, पण एकेचाळिसाव्या पानावर तो खोका होता. तोच. खाली जाळ, समोर उघडं दार. आणि शेवटी छापील उत्तर: १६६.६७, ८३.३३. पुस्तक माझ्या लग्नाच्याही आधीचं.
ह्यांना दाखवलं. म्हणाले, अगं, मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने. तू खोलीत येऊ नयेस म्हणून दिलं होतं ते.
ह्यांना काही कळत नाही. साबणाच्या वड्या मोजल्या. सहा आहेत. सहाच असायला हव्यात.

१० मे
पत्र टाकलं. नक्कल ठेवते:
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. तुझं पुस्तक जपून ठेवलं आहे, पार्सलला फार पडतात, येशील तेव्हा ने. कधी येशील ते विचारत नाही. खिडकी उघडी ठेवते, धूळ येते ती येते. दार उघडं ठेवून पहिल्यापासून फेऱ्या केल्या. आकडे चाळिसाव्या फेरीनंतर हलेनासे झाले. मग दिवसभर करायला काही उरलं नाही. तरी तुझ्या कामातला दुसरा एखादा खोका असेल तर पाठव. पुस्तकात उत्तर असलेला असला तरी चालेल, मी पान उघडणार नाही. किती बाजूंचा, जाळ केवढा आणि दार कुठल्या अंगाला, एवढंच लिही. उलट टपाली कळव.