चादर माझी हाय

घनसावंगी
१५ डिसेंबर २०२४, रविवार

माझी लाडकी माय,

येशूची स्तुती असो. तुझे गुडघे कसे आहेत? दादा, वहिनी, लेकरं बरी असतील. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. दादा फोनचा आवाज मोठा करतो आन् सगळं घर ऐकतं. हे तुझ्या एकटीसाठी आहे. बायबल वाचतीस तसं ओळीवर बोट ठेवून निवांत वाच.

इकडं नाताळची गडबड चालू आहे. शाळेत ख्रिस्ती पोरी बोटावर मोजण्याएवढ्या, पण गव्हाणी कुणी सजवायची यावरून भांडतात सगळ्याच. योसेफ झालेली पोरगी मिशी लावून घ्यायला तयार न्हाई.

गेल्या महिन्यात मी थोडी आजारी होते. थोडी म्हणजे डेंग्यू झाल्ता. जालन्याला दवाखान्यात ठेवल्तं. तुला कळवू नका असं मीच म्हणाले. रागावू नको, आता भाकरी जाती.

पण आजाराचं सांगायला बसले न्हाई.

दिवाळीनंतर वसतिगृहात अर्पिता नावाची पोरगी आली, पाचवीतली. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेत. ती झोपेत अंथरूण ओलं करती. सकाळी तशीच बसून राहायची, कारण उठलं की सगळ्यांना दिसणार. मंग मी घंटीच्या आधी जाऊन तिला हळूच उठवायचे, कोरडी चादर घालून द्यायचे आन् ओली मागच्या दगडावर धुऊन टाकायचे. मला वाटायचं, कुणाला पत्ता न्हाई.

खरं सांगू? चादर धुताना माझ्या मनात देव नसायचा. वैताग असायचा. यासाठी का घर सोडून सिस्टर झाले मी? दिवसभर हजेऱ्या, पेपर तपासणी, फुटलेले नळ. प्रार्थनेला गुडघे टेकले की झोप यायची. दवाखान्यात पडल्या पडल्या मी ठरवलं, की बास झालं. परत जायचं. तुझ्याकडं.

आमच्या मठाच्या प्रमुख, सिस्टर सुपीरियर, बघायला आल्त्या, त्यांना सांगूनच टाकलं, “मला कायमची व्रतं घ्यायची न्हाईत.” त्या मूळच्या केरळच्या, इकडं म्हाताऱ्या झाल्या तरी मराठी अडखळतीच. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, “आधी ताप जाऊ दे. तापात कुणाचं ऐकू नये. आपलं पण नाही.”

परत आले ती बॅग भरायलाच. पण दुसऱ्या दिवशी जाग आली तशी सवयीनं मागं गेले. मनात धाकधूक होती, की मी नसताना पोरींनी अर्पिताला जगू दिलं असंल का. बघते तर दगडावर कहकशा. दहावीतली, जालन्यातल्या टायरच्या दुकानवाल्या इस्माईलभाईंची. शाळेतली सगळ्यात ताठ पोरगी, ओढणीला सुरकुती चालत न्हाई तिला. ती चादर धूत होती.

“कुणाची गं?”

“माझी.”

“तुझी?”

“माझीच हाय, सिस्टर. सगळ्यांना तसंच म्हाईत हाय.”

मंग हळूहळू कळलं. मी दवाखान्यात गेल्यावर पोरींनी ओली चादर बघून गलका केल्ता. अर्पिता भिंतीशी अंग चोरून उभी. तेव्हा कहकशा पुढं झाली आन् म्हणाली, रात्री मी तिच्याजवळ झोपल्ते, हे माझ्यामुळं झालं. तेव्हापासून रोज तिच्याजवळ झोपती. पोरी तोंडावर हसल्या. तिची जिवाभावाची दैवशालासुद्धा जेवायला शेजारी बसेना.

“अगं, खरं सांगायचं ना.”

“मंग तिला हसल्या असत्या. ती ल्हान हाय. मी सहन करून राह्यले ना.” असं म्हणून तिनं तोंड फिरवलं आन् चादर पिळायला लागली. मी दुसरं टोक धरलं.

“तुला हे सुचलं कसं?”

“तुमी रोज उठत होत्या. मी खिडकीतून बघायचे.”

माय, मी वैतागून धुवायचे, ते तिला दिसलंच न्हाई. तिला नुसतं धुणं दिसलं. आन् मी तर फक्त चादर धुतली, त्या पोरीनं लाजसुद्धा अंगावर घेतली.

त्या संध्याकाळी मी पोरींना जवळ बसवलं. सांगितलं, की झोपेत असं होणं यात कुणाचा दोष न्हाई, डॉक्टरला दाखवलं की बरं होतं. नाव कुणाचंच घेतलं न्हाई. तर अर्पिता आपणहून उठली. म्हणाली, “चादर माझी हाय. दीदीची न्हाई.” कुणी हसलं न्हाई. जेवायच्या वेळी दैवशाला ताट घेऊन कहकशाजवळ जाऊन बसली.

मी सुपीरियरना म्हटलं, “ताप गेला.” त्यांनी “बरं” म्हणून मला आणखी खिचडी वाढली.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, मी कायमची व्रतं घेणार आहे. आता मी घरी येणार न्हाई, माय. एवढं एक वाक्य लिहायला हे पत्र इतकं लांबलं.

पहिल्या व्रतांना तू आली न्हाईस. मी कधी विचारलं न्हाई. “पोटची पोर लोकांच्या लेकी सांभाळती, मला कोण?” असं तू कांतामावशीजवळ म्हणाल्तीस, ते माझ्यापर्यंत आल्तं. तू चुकीचं बोलली न्हाईस. दवाखान्यात परत जायचं ठरवलं, तेव्हा दारात हसत उभी असलेली तू मला दिसायचीस. ते हसू मी आता तुला देऊ शकत न्हाई.

विधीच्या वेळी आईबापानं पोरीला हाताला धरून वेदीपर्यंत आणायचं असतं. बाबा न्हाईत. दादा येईलही, पण मला तुझा हात पाहिजे. राजूरहून जालना, तिथून इकडची बस, गुडघे दुखतील हे म्हाईत आहे. रागात आलीस तरी चालंल, रडत आलीस तरी. वेदीपाशी सगळ्यांदेखत हात झटकून सोडलास तरी मी काही म्हणणार न्हाई. फक्त सोडायच्या आधी एकदा धर.

तुझ्याच पोटची,
बेबीनंदा