दारातला सोफा

४ मार्च
आणि मी अजून म्हणतो, चूक गेमची आहे. लीलाधर म्हणे, सुकलाल, तुला घर लावता येत नाही. मला. सुरतेला फर्निचरच्या गोडाऊनवर आहे मी, चौथ्या माळ्यापर्यंत सोफे चढवतो. हा बुऱ्हाणपूरला बापाच्या दुकानात केळीचे वेफर तोलतो आणि मला शिकवतो. गेममधल्या त्याच्या घराला सत्तर लाईक. माझ्या घराला चार, त्यातला एक माझाच.

५ मार्च, जेवणाची सुट्टी
त्या सत्तरात मालती पण आहे. लहानपणी बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर आम्ही तिघं सोबत खेळलेलो, आणि आता हे. त्याच्या घरात आहे काय? ओट्यावर खाट, आत चटई. बस. ठरवलं, गेमवर एक रुपया खर्च करायचा नाही.

६ मार्च
शाही सोफा घेतला. सातशे नव्व्याण्णव. ऑफर होती. मालतीला रविवारी घर पाहायला बोलावलं.

९ मार्च, रविवार
काय फालतू गेम आहे. सोफा बोटानं जरा सरकवला की आपणच जाऊन भिंतीला चिकटतो. फिरवला की पूर्ण काटकोनात फिरतो, तिरपा होतच नाही. कपाट, झोपाळा, दोन टेबलं आधीच होती. कसंतरी बसवलं. एकदम महाल.
मालती आली, मतलब दारापर्यंत. सोफा दारात होता. तिची बाहुली बाहेरून धडका मारत राहिली. पाहुणा आलेला असला की सामान हलत नाही, असा नियम. तिनं मेसेज टाकला, राहू दे, लीलाधरकडे बसते. त्याच्या खाटेवर.

१० मार्च
कंपनीला तक्रार पाठवली. आवाजात बोलून, लिहिलं की सातवीपर्यंतचं शिक्षण दिसतं. म्हटलं, दार अडत असेल तर आधी सांगत जा. सामान तिरपं फिरू द्या. लीलाधरला यातलं सांगणार नाही, आपलं म्हणून मिरवेल.

२ एप्रिल
अपडेट आला. माझं ऐकलं. सामान तिरपं फिरतं, दारासमोर लाल पट्टी, तिथं काही ठेवता येत नाही. शेठला सांगितलं, कंपनीवाले मला विचारून काम करतात. शेठ म्हणाला, कपाट उचल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घर उघडलं तर रिकामं. ज्यांचं दार अडलेलं होतं त्यांचं सगळं सामान पेटीत परत. अशी घरं फार नसतील. असो, नव्यानं लावीन. तिरपं.

१३ एप्रिल
मालतीचा फोन. मी नवीन घराचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "गेम राहू दे सुकलालभाऊ. माझी आणि लीलाधरची सुपारी फुटली. त्याच्याकडे वरची खोली मिळणार आम्हाला, पण जिना अरुंद आहे. पलंग कसा चढवायचा, ते तूच सांग."
भाऊ हे आज पहिल्यांदा.
सांगितलं. पाय आधी काढा, उभा धरा, वळणावर तिरपा करा. मागून लीलाधर विचारत होता, किती तिरपा.

१४ एप्रिल
पलंग माझ्याकडून आहेर द्यायचा, पूर्ण पाच हजारांचा, हे रात्रीच ठरवलं होतं. पण सोफ्याला जुळणारा गालिचा आज ऑफरमध्ये निघाला. आणि लग्नात दिखावा नको, हे माझं पहिल्यापासून मत आहे. मोबाईलवरून पाठवतोय, दोघांच्या नावानं: रुपये एकशे एक.