तिसऱ्या गठ्ठ्यातली सर्दी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नेहमीप्रमाणे आईच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं आणि तिने ते दोनदा वाचायला लावलं. फोनवरचं बोलणं तिला परत ऐकता येत नाही, म्हणून तुझ्यामागे हा पत्रांचा ससेमिरा. नातीची सर्दी आटोक्यात आहे हे ऐकून तिला बरं वाटलं. मग लगेच म्हणाली की तीन वर्षं सर्दी राहते म्हणजे पोरीची आई तिला धड वाफही देत नसणार. घे, आता काय बोलतेस?

डोळे गेल्यापासून आईचे कान फार तिखट झालेत गं. माझा आवाज जरा हलला तरी विचारते. 'सर्दी' हा शब्द आपण ठरवला तेव्हा वाटलं होतं, महिनाभर पुरेल. तुझ्या भिंगरीने पाठीच्या दुखण्यावर गोळ्या घेतल्या, त्या सुटेनात, आणि मग ती नशेची पूड ओढायला लागली, हे आईला कोणत्या तोंडाने वाचून दाखवणार होतो? माझी पत्रं तू एकटी वाचतेस, म्हणून इथे उघड लिहितो.

आज लिहायला कारणही आहे. आमच्या खात्याने अमली पदार्थांच्या नव्या धोरणाचा मसुदा काढलाय. भिंगरी रोज व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीवर नर्ससमोर जे औषध पिते, ते बंद करायचं घाटतंय. औषध देऊन नशा सोडवणं म्हणजे एक सोडून दुसरी धरणं, असं त्यात म्हटलंय. खिडक्या बंद करायच्या, सगळ्यांना सहा महिने सरकारी निवासी केंद्रात, कुंपणाच्या आत ठेवायचं, आणि बाहेर कुणाजवळ पूड सापडली तर सरळ तुरुंग. महिनाभर लोकांची मतं मागवली आहेत. तू लिही, ताई. आवक टपाल माझ्याकडेच आहे, पत्र माझ्याच टेबलावर येईल.

माया पातळ करू नकोस, वाटल्यास कान उपट.
तुझा धाकटा,
शहाण्या (नाव तूच ठेवलंयस)


१४ फेब्रुवारी

चि. शहाण्यास,
अ. उ. आ.

आधी आईसाठी लिहिते. आई, मी वाफ देते गं, रोज देते. तुझी नात टॉवेलखालून मला टोमणे मारते.

सर्दीला अकरा महिने उतार आहे. भिंगरी सकाळी सातला खिडकीवर जाऊन औषध घेते आणि तिथून थेट चष्म्याच्या दुकानात. मालकाने तिला पुन्हा काचा घासायला बसवलंय, इतके दिवस नुसतं झाडायला ठेवलं होतं. परवा माझ्या चष्म्याची काच तिने स्वतः घासून बसवली आणि मला पहिल्या झटक्यात सुई ओवता आली. मी कौतुक केलं तर म्हणते, बरं झालं, आता माझे डोळे तपासायला तुला सोपं जाईल. मी हसण्यावारी नेलं, पण तपासते रे मी. ती दारातून आत आली की आधी डोळेच बघते. सर्दीत डोळ्यांवर लगेच दिसतं ना.

तू सांगितलंस तसं तुझ्या ऑफिसला लिहिलं. शिवणयंत्रावर झाकण घालून बसले, तीन कागद फाडले आणि चौथा पाठवला. भिंगरी म्हणत होती की शेजारच्या बाईंना दाखव, त्या शिक्षिका आहेत. मी म्हटलं, पोर माझी, शब्दही माझेच राहू देत. तुला लिहिते तसंच लिहिलं. खिडकी, औषध, काचा, सगळं आलंय त्यात. फार हलकं वाटलं.

आईला सांभाळ आणि तिच्याआडून मला शिव्या घालू नकोस.
तुझी ताई


१९ मार्च

चि. शहाण्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. आईसमोर उघडू नकोस.

तुमच्या खात्याचं उत्तर आलं. कागद छापील आहे, फक्त विषय कंसात हाताने भरलाय: मुलीची सर्दी. तो या खात्याच्या कक्षेत येत नाही, तरी जवळच्या दवाखान्यात दाखवावं, असा सल्ला दिलाय. भिंगरीने वाचलं आणि पोट धरधरून हसली. मग तिने विचारलं की मी खरंच सर्दी असं लिहिलं का. मी आठवून बघितलं. लिहिलं होतं रे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

ती हसायची थांबली. म्हणाली की माझ्या आजाराचं नाव कागदावर लिहायचीही तुला लाज वाटते. मी सांगितलं की तीन वर्षं मामाला लिहून लिहून हाताला तेच वळण पडलंय. ते खोटं नाही. पण जे तीन कागद फाडले त्यांत खरा शब्द होता, हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

केंद्रावर नोटीस लागलीय, खिडकी तीस एप्रिलपर्यंतच. भिंगरीने नोटीस वाचली आणि रोजच्यासारखी कामावर गेली. मला त्याचीच भीती वाटते. शहाण्या, माझं पत्र तुझ्या टेबलावरून गेलं असेल ना? तुला माझं अक्षर ओळखू आलं नाही?

तुझी ताई


२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आलं ओळखू. पाकिटावरच ओळखलं.

आम्ही तिघं एका लांब टेबलावर बसतो. दिवसाला चारशे पत्रं येत होती. त्यांचे तीन गठ्ठे करायचे: बाजूने, विरोधात आणि असंबद्ध. पहिल्या चार ओळींत विषय दिसला नाही तर तिसरा गठ्ठा, असा साहेबांचा नियम. तुझं पत्र मी पूर्ण वाचलं. विरोधाच्या गठ्ठ्यात घालायचं तर सर्दी म्हणजे काय आणि ते मला कसं माहीत, हे शेजारच्या दोघांना सांगावं लागलं असतं. मग साहेबांना. या खात्यात बसून माझी भाची अशी आहे, हे माझ्याच्याने म्हणवेना. मी असंबद्धचा शिक्का मारला.

आणि ताई, तो कंसातला विषय मी भरलाय. माझं अक्षर तुलाही ओळखू आलं नाही.

धोरण मंजूर झालंय. विरोधात तीन हजारांवर पत्रं होती, त्यात आणखी एकाने काय झालं असतं, असं मी स्वतःला सांगत असतो. तू मला तसं सांगू नकोस. खिडकीची मुदत वाढते का ते दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे नुसत्या माना हलल्या. मला काही सुचत नाही गं.

रागव, पण पत्र बंद करू नकोस.
शहाण्या


९ मे

चि. शहाण्यास,
आशीर्वाद.

खिडकी ठरल्या दिवशी बंद झाली. नर्सने शेवटचा घोट दिला आणि तिलाच रडू फुटलं. कुंपणाच्या यादीत भिंगरीच्या आधी दोनशे माणसं आहेत, बोलावणं येईपर्यंत थांबा म्हणतात. औषध मात्र त्या दिवसापासून बंद.

तीन दिवस तिने काढले. अंग कापत होतं, उलट्या होत होत्या, आणि नाक तर सारखं गळत होतं, खरोखर सर्दी झाल्यासारखं. मी रुमाल बदलत बसले होते. सोमवारी अंघोळ केली, वेणी घातली, कामावर जाते म्हणाली. दुकानात पोचलीच नाही. आज सहावा दिवस. पोलिसांत सांगावं तर तिच्याजवळ काही सापडेल आणि ते तिला आत टाकतील. न सांगावं तर शोधणार कोण? मी मशिनवर बसते, उठते, दारात जाऊन येते. तिने बसवलेला चष्मा डोळ्यांवर आहे आणि लांबपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं.

तुझ्यावर राग होता. आता तेवढं बळ नाही. तू शिक्का मारलास तो शब्द माझाच होता.

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलंय. आईजवळ बसून मोठ्याने वाच, वरचं सगळं, एक ओळही गाळू नकोस. आई, तुझ्या नातीला सर्दी कधीच नव्हती. तिला नशेचं व्यसन आहे. ती तुमच्या दारात आली तर काही विचारू नका, आधी आत घ्या आणि मग मला कळवा.

शहाण्या, आई दोनदा वाचायला लावेल. दोन्ही वेळा तोच शब्द वाच.

भिंगरीची आई,
तुझी ताई