कोपऱ्यावर ओळखू येणारी गाडी

९ जानेवारी, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. तूही असशील असं सकाळच्या फोनवरून वाटलं, फक्त सर्दी झालेली दिसते. फोन स्पीकरवर आणि आई त्याला नाक लावून बसलेली, त्यामुळे कामाचं बोलणं दर वेळी राहून जातं. म्हणून हे पत्र. लगेच घाबरू नकोस, गाडीबद्दल विचारायचं आहे.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. डाव्याचं पुढच्या महिन्यात. तोवर ती सगळा कारभार कानांनी बघते. शेजारच्या बाईंनी कुकर बंद करायला उशीर केला तरी हिला आधी कळतं.

आता मुद्दा. मी तुझ्याच मॉडेलची जुनी मोटरसायकल वापरते हे तुला माहीत आहे. लिफ्टच्या कंपनीने माझा भाग आता वरच्या वस्तीपर्यंत वाढवलाय, आणि तिथला चढ म्हणजे नुसती परीक्षा. मागे हत्यारांची पेटी, त्यात सुटे भाग, पुढे मी. अर्ध्या चढावर गाडी अशी रडकुंडीला येते की उतरून तिची समजूत घालावी. परवा एक आजोबा लिफ्टमध्ये पाऊण तास अडकले. दार उघडल्यावर शांतपणे म्हणाले, "बाई, चालत आलात का?"

म्हणून गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांचं म्हणणं असं की इंजिनाला श्वास नीट घेता आणि सोडता आला पाहिजे. घेण्यासाठी दोन फिल्टर दाखवले. एक उघडा, शंकूसारखा, दिसायला झकास, पण धूळ आणि इंजिनाची गरम हवा दोन्ही ओढतो. दुसरा धुता येणारा, मूळ डब्यातच बसतो आणि हवा जास्त सोडतो. दिसण्यात काही नाही, कोणाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही. काकांचं मत दुसऱ्याला. माझंही.

सायलेन्सर मात्र तीन आहेत आणि तिथे माझं गाडं अडलंय. पहिला आखूड आणि सरळ. वाजतो भयंकर, पण काका म्हणतात त्याने सपाट रस्त्यावर वेग येईल, चढावरची ताकद उलट जाईल. दुसरा लांब, पोटाकडे जरा फुगीर, आवाज खोल आणि मऊ. तिसरा इंजिनापासून निघणाऱ्या वाकड्या बेंड पाइपसकट पूर्ण नवा. काकांनी तिन्ही एकेक करून गाडीला लावून वाजवून दाखवले. मी तीनदा विचारलं की आवाज आत्तापेक्षा नक्की वेगळा येईल ना. ते हसले. म्हणाले, लोक येतात ते मोठा आवाज मागायला, वेगळा मागणारी तूच पहिली.

तुझं काय मत? तू इंजिनांच्या चाचण्या घेणारा माणूस, तुला हे पोरखेळ वाटतील. तरी सविस्तर लिही. गाडी बाकी ठणठणीत आहे. फक्त थंडीत पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना टाचेने एक उलटा ठोका द्यावा लागतो, ती खोड काकांनाही काढता आली नाही.

सर्दीवर वाफ घे. नुसत्या गोळ्या खाऊ नकोस.

तुझी धाकटी


३० जानेवारी, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. चार पानं, त्यात तीन आकृत्या. शाळेत माझ्या वहीत तू अशाच आकृत्या काढून द्यायचास आणि बाई ओळखायच्या.

तू लिहिलंस की माझ्या कामासाठी सायलेन्सर बदलायची गरजच नाही. डब्यातला फिल्टर बदल, कार्ब्युरेटरमधला जेट एक नंबर मोठा टाक म्हणजे जास्त हवेबरोबर पेट्रोलही जास्त जाईल, आणि शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून बघ, पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय. जुना सायलेन्सर उत्तम आहे, त्याला हात लावू नकोस. काकांनीही खरं तर हेच सांगितलं होतं. मी तुला ते लिहिलं नाही.

आणि शेवटच्या पानाच्या तळाशी तू एकच ओळ लिहिलीस. "टाकीला डाव्या बाजूला पोचा आहे का?"

आहे दादा. तुझ्या गुडघ्याने पडलेला. आणि टाचेचा तो ठोका तूच मला शिकवलास हे लिहिताना माझ्या लक्षातच आलं नाही. इतकी वर्षं सांभाळलेलं खोटं मी असं स्वतःच्या हाताने फोडलं.

तुझी गाडी मी कोणाला दिली नाही. तू नोकरीवर तिकडे गेलास त्या सकाळी फाटकाशी मला म्हणालास, ही गाडी घरात ठेवू नकोस, आई हिच्या आवाजाला उठेल. मी हो म्हणाले. महिन्याने तुला कळवलं की दिली एका गरजू माणसाला. मग दोन वर्षांनी कळवलं की मी त्याच मॉडेलची जुनी घेतली. तू फोनवर म्हणालास, "बघ, शेवटी माझ्याच वळणावर गेलीस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

का नाही दिली? मला ती हवी होती, बस. तू मला कधी दोन चकरांच्या वर चालवू दिली नाहीस. आणि तू जाताना आईशी ज्या शब्दांत बोललास त्यावर मी चिडले होते. "माझी वाट बघत बसू नकोस," असं तू तिला म्हणालास, आणि ती म्हणाली, "नाही बघणार." मग तू मला हुकूम सोडलास आणि निघून गेलास. मी ठरवलं, याचं एकही ऐकायचं नाही.

पण तुझंच खरं झालं.

रोज संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळते. तिथे वेग कमी करावा लागतो आणि तुझा तो सायलेन्सर खरखरतो. तेवढ्यावर आई उठते. रेडिओ बंद करते, केसांवरून हात फिरवते, आणि मी गाडी लावेपर्यंत दार उघडून उभी असते. मग तिला मी दिसते आणि तिचा चेहरा उतरतो. फार नाही, दुसऱ्या कोणाला कळणारही नाही. लगेच सावरते, "ये, हातपाय धू," म्हणते, पाणी देते. माझ्यावर तिची माया कमी आहे असं अजिबात नाही. तू तिकडे लांब आहेस, गेल्यापासून एकदाही आला नाहीस, हे तिला पक्कं माहीत आहे. तिच्या पायांना माहीत नाही.

सहा वर्षं, दादा. सुट्ट्या सोडून रोज. सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. मग कोपऱ्यावर इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायला लागले, पण हत्यारांच्या पेटीसकट ते किती दिवस चालणार? हल्ली मी जिना चढताना मुद्दाम खाली बघते, म्हणजे दार उघडताना तिचं तोंड दिसू नये. गाडी काढून टाकली असती की मिटलं असतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

म्हणून मला वेगळा आवाज हवा होता. चढाचं कारण खरं आहे, पण ते फिल्टरपुरतं. सायलेन्सर मला माझ्यासाठी बदलायचा आहे. घरी येणारी मी आहे, तर दार माझ्यासाठी उघडावं, एवढंच वाटतं. चाळिशीला आलेल्या बाईने असलं काही मागावं का, कोण जाणे. पण मागतेय.

गाडी तुझी आहे. तू नको म्हणालास तर तसाच ठेवीन. रागावलास तर फोनवर आईसमोर दाखवू नकोस, मला लिही.

खोटारडी धाकटी


६ मार्च, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. दोन रविवार तू फोनवर फक्त आईशी बोललास आणि माझी चौकशी हवापाण्यासारखी केलीस. मी समजायचं ते समजले होते. मग गेल्या महिन्यात तुझं पाकीट आलं. मी ते तीनदा झटकलं, चिठ्ठी काही पडली नाही. कापसात गुंडाळलेला जेट तेवढा निघाला, हरभऱ्याएवढा, आणि त्या कागदावर तुझ्या अक्षरात त्याचा नंबर आणि खाली लिहिलेलं, "लांबवाला, मऊ आवाजाचा. या जेटबरोबर तोच जमेल."

मी गॅरेजात स्टुलावर बसून रडले. काकांना वाटलं चुकीचा नंबर आला.

दुसऱ्याच दिवशी बसवला. फिल्टर, जेट, सायलेन्सर, सगळं दीड तासात. शंभर किलोमीटरनंतर प्लग काढला, छान तपकिरी होता, पांढरा नाही की काळा नाही. चढ आता गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढते, पेटीसकट. त्याच आजोबांच्या इमारतीत परत जावं लागलं, तर अठरा मिनिटांत हजर. आजोबा या वेळी बाहेरच उभे होते, त्यांनी आता जिनाच धरलाय.

घरी मात्र पहिल्या संध्याकाळी दार बंद. मी कोपऱ्यावर वळले, गाडी लावली, जिना चढले, किल्लीने दार उघडलं. आई रेडिओ ऐकत होती. दचकली. म्हणाली, "कधी आलीस? कळलंच नाही." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी हट्टाने मागितलेली गोष्ट मला मिळाली होती, आणि बंद दारासमोर किल्ली शोधताना वाटायचं, तो उतरलेला चेहरा काय वाईट होता? निदान दारात कोणी उभं तरी असायचं. चौथ्या दिवशी मी जुना सायलेन्सर परत चढवायला काढलासुद्धा होता. मग डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची धावपळ सुरू झाली आणि राहून गेलं.

ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यावर पट्टी होती. मी रजा संपवून कामावर गेले त्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावर वळले, वर आले, आणि दार उघडं. आई चौकटीला धरून उभी, एका डोळ्यावर पट्टी, एक हात केसांवर. माझ्याकडेच बघत होती. मी दिसले तरी चेहरा जसाच्या तसा राहिला, दादा. मी या वेळी खाली बघितलं नाही.

मी विचारलं, कसं कळलं. म्हणाली, "तुझी गाडी आहे ती. कोपऱ्यावर ओळखू येते की."

मग मी पाणी पिऊन तिला सगळं सांगितलं. गाडी कोणाची, खोटं काय बोलले, सायलेन्सर का बदलला. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. गाडी कोणाची हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे, कानांना कोण फसवणार? शेवटी तिने माझा हात धरला. म्हणाली, "मला कळायचं गं, दार उघडल्यावर तुला काय वाटतं ते. पण उठल्याशिवाय राहवायचं नाही. आधीच बदलायचास ना."

मग म्हणाली, "तो जुना आहे ना? फेकू नकोस."

फेकलेला नाही. आतून काजळी काढून, तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. रोज संध्याकाळी दार आता माझ्यासाठी उघडतं आणि मी इतकी खूश आहे की काका म्हणतात, गाडीपेक्षा तुझाच पिकअप सुधारलाय. तेव्हा माझ्या खात्यावर आता कुठलीही कुरकूर राहिलेली नाही. जे लिहितेय ते तुझ्यासाठी.

तो सायलेन्सर चढवायला तीन बोल्ट आणि पाऊण तास लागतो. या जेटबरोबर तो नीट जमणार नाही, गाडी जरा जड चालेल, पण एका फेरीपुरतं चालतंय. तू येशील त्या दिवशी मी तो बसवून तुला घ्यायला येईन. कोपऱ्याच्या अलीकडे मी उतरते, पुढे तू चालव. टाचेचा ठोका विसरला नसशील. आई रेडिओ बंद करेल, केसांवरून हात फिरवेल, दार उघडेल. आता तिला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं.

मी मागून चालत येते, सावकाश.

तुझी गाडी सांभाळून ठेवलेली,
धाकटी