न दुखणारा पाय

अण्णा, आज तुमचे धाकटे भाऊ, आमचे काका, दवाखान्यात आले होते. लातूरला मी शुगरच्या पेशंटचे पाय तपासते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळे तुम्हाला हे ठाऊक नाही. काकांनी बूट काढला आणि वास आला. हा वास रोजचाच, मी कधी तोंड वाकडं करत नाही. आज मात्र मी तोंड फिरवलं, आणि ते त्या माणसामुळं. "दुखत न्हाई गं पोरी, म्हणून आलो न्हाई," म्हणाले. दुखत नाही म्हणजे पाय बधिर झालाय, हे मी दिवसातून वीसदा सांगते. त्यांना मात्र ते न सांगता मी जखम धुवायला घेतली.

डोळ्यांपुढं तेच आलं: निलंग्याच्या आपल्या दुकानात तुम्ही अनवाणी पायांनी शिलाई मशीन चालवताय आणि काका पुडी पुढं धरताहेत. "दादा, त्या गोळ्या बंद कर. हे चूर्ण घे, शुगर मुळासकट जाती." तुम्ही गोळ्या बंद केल्या. रक्त तपासायच्या आधी दोन दिवस भात-चहा सोडायचा, रिपोर्ट बरा आला की चूर्णाचा गुण. मग तळव्यात टाचणी रुतली आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही. गुडघ्याखालचा पाय गेला, मशीन विकलं, वर्षाच्या आत तुम्हीही गेलात. मयतीला सगळ्यांत मोठ्यानं काकाच रडले. त्या रडण्याची मला अजून शिसारी येते.

आज जखम धुता धुता विचारलं, "पुडी अजून घेता?"

"घेतो की. गोळ्यांच्या जोडीला."

असा संताप आला म्हणून सांगू. तरी सगळं साफ केलं, पट्टी बांधायला घेतली. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "दादाचा पाय कुनी आधी बघितला असता तर वाचला असता, न्हाई का?" मी "हो" म्हणाले आणि खाली मान घालून पट्टी बांधत राहिले.

अण्णा, मी बघितला होता. दुपारचा डबा घेऊन दुकानात आले, तुमचा डोळा लागला होता. पायाला बांधलेली चिंधी सुटली होती आणि खाली सगळं काळं, ओलं. मी नाक दाबून चिंधी पुन्हा जखमेवर सरकवली, डबा ठेवला आणि घरी आले. पुढचे आठ दिवस कुणाला काही बोलले नाही. काकांना शिव्या देणं फार सोयीचं पडलं मला. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. त्या दुपारी मला किळस आली होती ती तुमची.